कठड्यावरचा लाल ठिपका

विहिरीत डोकावणाऱ्या माणसाविषयी पाठीमागून येणाऱ्याने कोणता ग्रह करून घ्यावा, याला काही नियम नाही. परंतु कमरेपासून वरचे सगळे अंग कठड्यापलीकडे, एक पाऊल कसेबसे जमिनीला टेकलेले आणि दुसरे हवेत, अशा अवस्थेत एखादी तरुणी दिसली, तर विचार करीत उभ्या राहणाऱ्याला कोणी शहाणा म्हणणार नाही. रोपवाटिकेच्या धाकट्या मालकाने विचार केला नाही. हातातली शेवंतीची कुंडी त्याने तशीच टाकून दिली, धावत येऊन तिच्या कमरेला विळखा घातला, आणि तिला इतक्या जोराने मागे ओढले की दोघेही ओल्या मातीत बसकण मारून बसली.

विहिरीच्या तळातून ‘डुबुक’ असा आवाज आला.

“गेला!” ती ओरडली. “माझा टेप गेला!”

“टेप?” त्याचा श्वास अजून जागेवर आला नव्हता. “अहो, तुम्ही निघाला होतात! हे बघा, आयुष्यात काय वाट्टेल ते झालं असेल, पण म्हणून असं—”

“आयुष्यात सगळं छान चाललं होतं. तुम्ही येईपर्यंत.”

“मग एवढ्या वाकला कशाला होतात?”

“पाणी मोजायला!”

“पाणी...? आमच्या विहिरीतलं?”

“हो. तळ्याच्या पाहणीसाठी आलेय मी, नगरपालिकेकडून. आणि जीवच द्यायचा असता, तर एवढं अख्खं तळं समोर पसरलंय ते सोडून तुमची शेवाळलेली विहीर निवडली असती का मी?”

त्याने विहिरीकडे पाहिले, मग उताराखाली चकाकणाऱ्या तळ्याकडे, आणि शेवटी तिच्याकडे. युक्तिवाद बिनतोड होता. त्यातून तिच्या केसांत शेवंतीची एक पिवळी पाकळी अडकली होती, आणि ती बाई रागावून मान हलवी तेव्हा तीही हलत होती. त्यामुळे प्रत्युत्तर सुचणे अधिकच कठीण झाले.

“आता हात काढलात तरी चालेल,” ती म्हणाली.

त्याने हात असा चटकन काढून घेतला, की जणू तापल्या तव्याला लागला होता.

विहिरीत पडलेल्या बादल्या काढण्याचा गळ त्याच्या घरी होता. तो आणून, पाण्यात ढवळून, तिच्या सूचना आणि टोमणे निमूटपणे ऐकत त्याने टेप वर काढला. तिने तो पुसला, त्याचे टोक खिशातल्या खडूने पांढरे केले, आणि पुन्हा कठड्यावर ओणवी झाली. कठड्याच्या आतल्या कडेवर तिने सकाळीच लाल रंगाचा एक ठिपका काढून ठेवला होता. हा ठिपका तळ्याच्या पातळीपेक्षा किती उंच आहे, हे मोजणीची दुर्बीण आणि काठी घेऊन ठरवण्यात तिची अर्धी सकाळ गेली होती.

“विहिरीला शाळेत घातलंय का?” न राहवून त्याने विचारले. “खडू कशाला?”

“जेवढा खडू भिजतो तेवढा टेप पाण्यात. ठिपक्यापर्यंतच्या लांबीतून तेवढा वजा केला, की पाणी किती खोल ते कळतं.”

“आणि ते कळून काय होणार?”

“जमिनीखालचं पाणीसुद्धा उंचावरून उतारालाच जातं. तुमच्या विहिरीचं पाणी तळ्याहून वर असेल, तर ते मातीतून झिरपत तळ्याला मिळतं. खाली असेल, तर तळंच विहिरीला पाणी देतं.”

“म्हणजे कोण कुणाला देतं, ते तुम्ही ठरवणार.”

“मी नाही. खडू ठरवणार.”

“आणि दोघं सारख्याच पातळीला निघाले तर?”

“मग... कुणी कुणाला काही देत नाही. नुसते एकमेकांकडे बघत बसतात.”

“तेही काही वाईट नाही,” तो म्हणाला, आणि आपण हे मोठ्याने बोललो हे ध्यानात येताच कुंडीचे तुकडे गोळा करण्यासाठी लगबगीने खाली वाकला.

त्या दिवशीच्या मापात विहिरीचे पाणी तळ्याहून चार बोटे वर निघाले. परंतु टेप ओला होता, आणि तिचा हात — हे तिने स्वतःशीच कबूल केले — जरासा थरथरत होता. तिने त्या मापापुढे प्रश्नचिन्ह टाकले.

*

आता या मापावर काय अवलंबून होते, ते सांगितले पाहिजे. त्या तळ्याचा पूर्वेकडचा कोपरा गेले काही उन्हाळे हिरवा होऊ लागला होता. आधी पाण्यावर साय धरावी तसे शेवाळ धरले, मग मासे उताणे तरंगू लागले, आणि अखेर तेथे पोहायला मनाई झाली. तळ्याच्या साऱ्या पाणलोटाची पाहणी झाली, तेव्हा संशय त्या कोपऱ्यावरच्या दोन जागांवर येऊन ठरला. एका अंगाला उतारावरची रोपवाटिका. दुसऱ्या अंगाला, पाण्याच्या अरुंद फाट्यापलीकडे, एक लाँड्री. रोपवाटिकेत खत पडे, लाँड्रीत साबण. आणि शेवाळाला दोन्ही सारखेच मानवत. पाण्याची चव घेऊन वा ते बाटलीत तपासून त्यांतला फरक निघण्याजोगा नव्हता. कोणाच्या जमिनीखालचे पाणी तळ्याकडे चालले आहे, एवढाच प्रश्न उरला होता. आणि ज्याचे चालले असेल, त्याने काठालगतचे आपले काम बंद करावे असे ठरले होते.

लाँड्रीच्या मालकिणीला सगळे मावशी म्हणत. तिच्या माडीवरच्या खोलीतच या पाणी मोजणाऱ्या मुलीने बिऱ्हाड केले होते, कारण गावात दुसरी खोली रिकामी नव्हती. आपण जिचा निवाडा करणार तिच्याच छपराखाली राहणे तिला मुळीच रुचले नव्हते. पण मावशीने तो मुद्दा मोडीत काढला होता. “मी काही तुझ्या चहात साबण घालणार नाही,” ती म्हणाली होती.

पहिल्याच संध्याकाळी मावशीने तिला जिन्यात गाठले.

“थांब, वळ बघू. शर्टावर मागं पाच बोटांचा चिखल कसला?”

“विहीर... शेवाळलेली आहे, मावशी.”

“आणि तिला हात फुटलेत?”

“मावशी!”

“काढून दे शर्ट, भिजत घालते. पाणीवाली म्हणे! पाणी जोखायला गेली, आणि स्वतःच ओली होऊन आली.”

तेव्हापासून तिचे नाव पाणीवाली पडले, आणि त्याचे, त्याच्या पाठीमागे, रोपवाला.

रोपवाटिका खरी अण्णांची, म्हणजे रोपवाल्याच्या वडिलांची. काठालगतचे गुलाबाचे वाफे त्यांनी तरुणपणी स्वतःच्या हाताने काढले होते आणि त्यांवर त्यांचा जीव होता. वर्तमानपत्र वाचतानाही त्याच्याशी वाद घालणारे हे गृहस्थ. पाणीवालीला त्यांनी सोडले असते तरच नवल.

“आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे,” ते म्हणाले. “पिऊन बघा की! ही दोरी-खडूची उठाठेव कशाला?”

“पिऊन कळत नाही, अण्णा.”

“जिभेवर विश्वास नाही तुमचा?”

“जिभेवर आहे हो. जिभेच्या मालकाला विहिरीचा लळा आहे, ती अडचण आहे.”

अण्णांनी चष्म्यावरून तिच्याकडे रोखून पाहिले. मग आतल्या बाजूला तोंड करून ते ओरडले, “हिला चहा द्या रे कुणीतरी! बोलायला माणूस मिळालंय!”

घरात ‘कुणीतरी’ म्हणून एकच इसम होता. तो चहा घेऊन आला.

*

ती दर आठवड्याला येऊ लागली; पण वाकताना हात काही स्थिर राहीना, आणि मापांपुढची प्रश्नचिन्हे वाढत गेली. माप घेण्यापूर्वी विहिरीचे पाणी स्थिर असावे, म्हणून आदल्या दिवसापासून पंप बंद ठेवायचा, अशी तिची अट होती. पंप बंद म्हणजे वाफ्यांवरचे तुषारही बंद. त्या दिवशी रोपवाला टाकीतले पाणी झारीने प्रत्येक रोपाला हिंडून हिंडून घाली, आणि अण्णा ओसरीवरून म्हणत, “एका खडूच्या तुकड्यासाठी माझा मुलगा पाणक्या झाला!”

माप झाले, की तो पंप सुरू करी. मग साऱ्या उतारावर नळ्यांच्या टोकांतून बारीक बारीक पाऊस उडू लागे — ढगांवाचून, उन्हातला, माणसाने पाडलेला. त्यात जाईच्या वेलांची पाने थरथरत, मातीला वास सुटे, आणि बाटल्यांची पेटी छातीशी धरून पाणीवाली त्यातून धावत फाटकापर्यंत जाई.

“तुम्ही मुद्दाम मी निघाल्यावरच सुरू करता!” ती एकदा ओरडली.

“रोपांना तहान लागलेली असते.”

“मी फाटकापर्यंत पोचेपर्यंत थांबत नाही ती तहान?”

“तुम्ही फार हळू चालता.” तो रोपांचे रिकामे पत्र्याचे ताट तिच्या डोक्यावर धरून बरोबर चालू लागला. ताटाला भोके होती. पाणी तिच्या नाकाच्या शेंड्यावर पडले. तिने वर पाहिले, त्याने खाली पाहिले, आणि फाटक आले तरी ते कोणालाच कळले नाही.

फाटकाशी एका कुंडीत पिवळ्या गुलाबाचे रोप होते. “हे घेऊन जा,” तो म्हणाला. “माडीच्या खिडकीत ठेवा.”

तिने हात पुढे केला... आणि मागे घेतला.

“निकाल लागेपर्यंत नाही. लाच ठरेल.”

“एवढंसं रोप?”

“एवढंसं रोपच तर फार अवघड असतं नाकारायला,” ती म्हणाली, आणि ओल्या केसांनी निघून गेली.

एक गोष्ट मात्र त्याच्या जिवाला लागून राहिली होती. विहिरीचा कठडा बुटका होता, आणि ठिपका आतल्या कडेवर. माप घेताना ती अशी झोकून वाकायची, की टेपचे रीळ धरून उभ्या असलेल्या त्याला दर वेळी मान फिरवून दुसरीकडे पाहावे लागे. एकदा तिच्या पायातली चप्पल निसटून विहिरीत पडली. ती खळखळून हसली. त्याला हसता आले नाही. गळाने चप्पल काढताना त्याचे हात इतके गार पडले होते, की तिने विचारले, “बरं नाही का तुम्हाला?”

पुढे ती काही दिवसांसाठी शहरात गेली. तळ्यात शेवाळ किती वाढले ते पाहण्यासाठी घेतलेले पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत नेऊन द्यायचे होते. तेवढ्या अवधीत त्याने एक काम उरकले. परसातली जुनी भिंत पडली होती, तिचे दगड आणून त्याने कठड्यावर एक थर चढवला. नवा थर ओळखू येऊ नये, म्हणून त्यावर ओले शेवाळ चोळले. कारण कोणी विचारलेच, तर हे कोणासाठी केले हे सांगण्याचे धैर्य त्याच्यापाशी नव्हते. आणि तिचा लाल ठिपका नव्या दगडाखाली गेला, म्हणून तिला शोधावा लागू नये अशा बुद्धीने, त्याने तसाच एक ठिपका वरच्या थराच्या आतल्या कडेवर अगदी नेमक्या जागी काढून ठेवला. आपण फार नीटनेटके काम केले, असे त्याला वाटले.

ती परत आली, वाकली, आणि म्हणाली, “गंमत आहे. आता मला भीतीच वाटत नाही.”

“वाटत होती?”

“पहिल्यापासून. सांगितलं नव्हतं.” कोपर कठड्यावर टेकवून तिने त्याच्याकडे मान वळवली. “सवय झाली असेल... विहिरीची.”

*

निकाल सांगायला ती आली, तो दिवस स्वच्छ उन्हाचा होता. अण्णा ओसरीवर आरामखुर्चीत ताठ बसले होते. रोपवाला दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

“शहरात जाण्यापूर्वीची मापं मी धरली नाहीत,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी टेप ओला होता, आणि पुढंही वाकताना माझा हात...” तिची नजर चौकटीकडे गेली. “स्थिर नव्हता. पण परत आल्यावरची सगळी मापं एकच सांगतात. तुमच्या विहिरीचं पाणी तळ्याच्या खाली आहे. तुमचं पाणी तळ्याला जात नाही, अण्णा.”

वादासाठी आयुष्यभर परजून ठेवलेले शब्द एकाएकी निरुपयोगी झाले, म्हणजे माणसाचा चेहरा कसा होतो, तसा अण्णांचा झाला. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि खाली गुलाबाच्या वाफ्यांकडे बराच वेळ पाहत राहिले.

“आणि लाँड्री?” रोपवाल्याने विचारले.

तिचा आवाज उतरला. “तिथली विहीर तळ्याशी अगदी लागून आहे. पाणी येतंय की जातंय, धड कळत नव्हतं. पण तुमच्याकडून येत नसेल, तर... दुसरीकडून येण्यासारखी जागाच नाही. मावशींना मी कालच सांगितलं.”

मग एखादी क्षुल्लक गोष्ट विचारावी तसे त्याने विचारले, “माप तुम्ही... ठिपक्यापासूनच घेता, नाही का?”

“अहो, टेप तुम्हीच तर धरता!”

“ठिपक्याची उंची पुन्हा कधी मोजत नाही?”

“कशाला? कठडा काय रोज वाढतो का?” ती हसली, अण्णाही हसले. चौकटीशी टेकलेला माणूस हसला नाही. त्याच्या हातातला चहा तसाच निवत चालला होता.

ती निघाली तेव्हा तो फाटकापर्यंत आला. तिने पिवळ्या गुलाबाकडे पाहिले, मग त्याच्याकडे, आणि गालांवर चढलेला रंग न लपवता म्हणाली, “निकाल लागला. आता... द्यायचं होतं ना काही?”

त्याने ओठ उघडले. “उद्या,” तो म्हणाला.

“उद्या?”

“उद्या. मला थोडं... काम आहे.”

तिचा चेहरा पडला. ‘बरं’ एवढेच म्हणून ती गेली.

त्या दुपारी त्याने कितीतरी रोपे एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत हलवली, आणि प्रत्येक रोपाबरोबर तोच वाद स्वतःशी पुन्हा मांडला. गप्प राहिले तर कोणाला कधी कळणार? शेवाळ तर दगडावर आता खरेच रुजले होते. अण्णांचे वाफे वाचत होते. ती प्रसन्न होती. आणि सत्य ऐकल्यावर ती आपल्याकडे पुन्हा त्या नजरेने पाहील, याची काय शाश्वती? गप्प राहण्याची कारणे भक्कम होती, अनेक होती, आणि एकमेकांना टेकून उभी होती. पलीकडच्या बाजूला कारण एकच होते. पण ते काही केल्या हलत नव्हते. कठडा त्याने कोणाचा पाय घसरू नये म्हणून बांधला होता, आणि त्याच कठड्याने आता मावशीला खाली लोटले होते.

त्याने मातीचे हात धुतले आणि लाँड्रीची वाट धरली.

मावशी इस्त्री करीत होती. “तुझे शर्ट झालेत, घेऊन जा,” मान वर न करता ती म्हणाली. “पुढच्या खेपेला दुसरीकडे टाक. इथं कोण असेल, कोण नसेल.”

“मावशी, मी—”

“तुझा काय दोष? आणि पोरीचाही नाही. जिना उतरून स्वतः सांगायला आली, डोळ्यांत पाणी आणून. मीच म्हटलं, बाई गं, इतरांचं पाणी मोजतेस, आधी स्वतःचं पूस.” मावशीने इस्त्री उभी केली. “नावेत आहे ती, तुमच्या काठाकडे. नमुने घेते म्हणाली. पण बाटल्या इथंच विसरून गेलीय.”

*

नाव रोपवाटिकेच्या काठापासून थोड्या अंतरावर हलत होती, आणि ती वल्हे मांडीवर ठेवून नुसती बसली होती. त्याने काठावरून हाक मारली. तिने ऐकून न ऐकल्यासारखे केले. तेव्हा तो बुटांसकट पाण्यात शिरला आणि हिरवी साय दुभंगत कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिला.

“अहो! पोहायला मनाई आहे इथं!”

“मी पोहत नाही. बोलायला आलोय.” त्याने नावेची कड धरली. “तो कठडा मी वाढवला.”

“काय?”

“तुम्ही शहरात होतात तेव्हा. एक थर चढवला. वर शेवाळ चोळलं. तुमचा ठिपका दगडाखाली गेला, म्हणून वर... नवा काढला. तुम्हाला शोधावा लागू नये म्हणून.”

ती इतकी चटकन उभी राहिली की नाव डुचमळली. “ठिपका हलवलात? माझा ठिपका? त्याची उंची... अहो, सगळी मापं त्याच्यावर टांगलेली आहेत! तुम्हाला कल्पना तरी आहे का—”

“आज सकाळपासून आहे.”

“असं करावंसं वाटलंच कसं? कशासाठी?”

तो नावेच्या कडेकडे पाहत राहिला. “तुम्ही वाकता... ते मला बघवत नाही.”

“मग बघू नका!”

“तेही जमत नाही.”

वाऱ्याने नाव थोडी फिरली. तिच्या तोंडातून बाहेर पडायला सज्ज झालेली चार-पाच कठोर वाक्ये तेथेच थबकली, आणि त्यांतले एकही पुढे येईना. ती हळूच खाली बसली.

“केवढा थर?” तिने विचारले.

त्याने नावेची कड सोडून दोन्ही हात समोर धरले. “एवढा.” त्या दोन तळव्यांमधल्या अंतरात तिने आपली बोटे आडवी ठेवून पाहिली, आणि मग जेवढी मोजायची होती तेवढी मोजून झाल्यावरही ती तेथेच राहू दिली. तिचे ओठ हलत होते. ती वजाबाकी करीत होती.

“तुमचं पाणी तळ्याच्या वर आहे,” ती शेवटी म्हणाली. “चार बोटं. आधीची मापं खरी होती.”

“हात थरथरत होता तरी?”

“हात थरथरत होता तरी.”

त्याने पाय वाळूत रोवून पाहिले. मग म्हणाला, “खरं असणार. इथं पायांखाली गार लागतंय. बाकी पाणी कोमट आहे, आणि इथं तळातून कुणीतरी फुंकर घातल्यासारखं...”

तिने शर्टाची बाही वर सारली आणि त्याच्या शेजारी खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. उन्हाने तापलेल्या पाण्याखाली, खोलवर, विहिरीतला ओळखीचा गारवा तिच्या बोटांना लागला. आणि मग त्याची बोटेही.

“हेच तुमचं पाणी,” ती पुटपुटली. “येतंय...” आणि थोड्या वेळाने, “हे तुम्ही सांगितलं नसतं, तर मला कधीच कळलं नसतं.”

“माहीत आहे.”

“अण्णांचे वाफे जातील.”

“तेही माहीत आहे.” त्याने मान वर केली. “आणि तुम्ही रागावाल, हेही धरून चाललो होतो.”

“रागावलेच आहे,” ती म्हणाली. पाण्याखाली तिने हात मात्र सोडवून घेतला नाही.

*

दुसऱ्याच दिवशी दुर्बीण लावून तिने ठिपक्याची उंची नव्याने ठरवली. काठी धरून तोच उभा होता. मग दोघे मिळून ओसरीवर गेली.

अण्णांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, आणि नंतर जे काही केले त्याला शांतपणा म्हणता येणार नाही.

“स्वतःच्या बापाला बुडवलंस! आणि कशानं? दगडांच्या एका थरानं! अरे, त्या न्हाणीघराच्या पायरीवरून मी दोनदा घसरलो, ती दुरुस्त करायला तुला सवड झाली नाही, आणि विहिरीचा कठडा—” ते थांबले. मुलाकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले. दोघांचेही कान लाल झाले होते. “अच्छा,” ते म्हणाले. “असं आहे तर.” आणि उठून आत गेले.

काठालगतचे गुलाबाचे वाफे काढावे लागले. त्यांच्या जागी बोरू आणि लव्हाळे लावायचे ठरले, म्हणजे उतरत्या पाण्यातले खत मुळांनीच शोषून घ्यावे. बाकीच्या वाफ्यांवरचे तुषारही गेले, आणि रोपागणिक थेंब थेंब पाणी देणाऱ्या नळ्या आल्या. अण्णांनी प्रत्येक गुलाब स्वतः उपटला. त्या दिवसांत ते पाणीवालीशी चकार शब्द बोलले नाहीत. लाँड्री मात्र चालू राहिली. मावशीने रोपवाल्याचे शर्ट कडक इस्त्री करून पाठवले, वर निरोप धाडला: ‘पाण्यात उतरताना हे घालू नये.’

लव्हाळे रुजल्यावर पहिले माप घ्यायला ती आली, तेव्हा विहिरीच्या कठड्यावर पिवळ्या गुलाबाची कुंडी ठेवलेली होती.

“ही अण्णांनी ठेवलीय,” रोपवाला म्हणाला. “म्हणाले, माझे सगळे वाफे नेलेस, आता हे एक तेवढं कशाला मागं सोडतेस, म्हणून विचार तिला.”

ती हसली, डोळे मात्र भरून आले. कुंडी तिने उचलून छातीशी धरली, वास घेतला, आणि जपून बाजूला ठेवली.

“एक बोलू?” तो म्हणाला. “हा वरचा थर आज काढून टाकतो. तुमचं माप सोपं होईल.”

“राहू दे.”

“पण मग जुन्या मापाशी जुळवताना, प्रत्येक वेळी—”

“प्रत्येक वेळी वजा करीन.”

“कुठवर?”

ती टेपच्या टोकाला खडू लावीत होती. खडू लावून झाला तरी ती लावीतच राहिली. “पाहणी तर संपली माझी,” ती म्हणाली. “पण लव्हाळ्यांनी काम केलं की नाही, ते कुणीतरी बघत राहिलं पाहिजे. वर्षानुवर्षं. मी लिहून दिलं, की... मी राहते.” आणि मग, त्याच्याकडे न पाहता, “तू टेप नीट धर. आणि मी वाकले, की दुसरीकडे बघायचं नाही.”

“मग कुठं बघू?”

“माझ्याकडे.”

ती वाकली. आता तेवढे वाकण्याची काहीच गरज नव्हती. कठडा पुरेसा उंच होता. तरी ती वाकली, आणि रीळ एका हातात धरून त्याने दुसरा हात तिच्या कमरेभोवती घातला. या खेपेस ओढले नाही, नुसता ठेवला. ओसरीवरून अण्णांचा आवाज आला, “वजाबाकी झाली असेल, तर या! चहा निवतोय!”

खाली विहिरीत लालसर ऊन आणि दोन चेहरे एकमेकांना लागून हलत होते. खडू भिजला. आणि ‘डुबुक’ असा आवाज मात्र या वेळी आला नाही.